मोजणीवाले शेतात आले: २०१३ चा कायदा की महामार्ग कायदा?

खासगी जमिनीत शिरून मोजणी करायचा अधिकार दोन्ही कायद्यांत आहे. भूसंपादन कायदा, २०१३ च्या कलम १२ नुसार प्राथमिक अधिसूचनेनंतर अधिकारी मोजणी करतात, बोअर मारतात, अडलंच तर उभं पीकही कापू शकतात. मात्र मालक हजर हवा, नाहीतर त्याला किमान ६० दिवस आधी नोटीस हवी. घरात शिरायला संमती किंवा ७ दिवसांची लेखी नोटीस लागते. नुकसानभरपाई शिरतानाच द्यायची, असं कलम १३ सांगतं (हे बऱ्याच जणांना ठाऊकच नसतं).

राष्ट्रीय महामार्ग कायदा, १९५६ मधलं कलम ३बी त्यामानाने त्रोटक. कलम ३ए ची, म्हणजे जमीन घ्यायचा इरादा जाहीर करणारी, अधिसूचना निघाली की मोजणी, खोदाई, खुणा सगळं कायदेशीर. मालकाच्या हजेरीचा उल्लेखच नाही. हरकतीला इथे २१ दिवस, २०१३ च्या कायद्यात ६०. म्हणून महामार्गाची मोजणी असेल तर पीक, विहीर, झाडांचे फोटो आधीच काढून ठेवा.