शनिवारचा गट: माटुंग्याच्या स्पीच थेरपी केंद्राला पाचपैकी चार

माझा नातू पाचवीत आहे. कान चांगले, डोकं चांगलं, पण बोलताना शब्द वेळेवर सापडत नाही आणि कोणी लांबलचक बोललं की अर्धं निसटून जातं. भाषाविकासातली अडचण असं त्याच्या रिपोर्टवर लिहिलं आहे. वर्गातल्या पोरांनी त्याचं नाव 'बफरिंग' ठेवलं, व्हिडिओ अडकला की गोल फिरत राहतं ते. तो उत्तर द्यायला उभा राहिला की मागच्या बाकांवरची तीन-चार पोरं हवेत बोट गोल गोल फिरवायची. आवाज नाही, काही नाही. बाईंना दिसायचं ते फक्त माझा नातू रडवेला होऊन गप्प बसलेला.

या केंद्रात त्याची एकट्याची थेरपी आधीपासून चालू होती. हा अभिप्राय त्यांच्या शनिवारच्या गटाबद्दल आहे. नऊ ते बारा वयाची सहा मुलं, दोन थेरपिस्ट ताई, सव्वा तास. काहींची अडचण भाषेची, काहींची एडीएचडीची, म्हणजे लक्ष न टिकण्याची आणि उतावळेपणाची, काहींची दोन्ही. सगळ्यांना शाळेत कोणी ना कोणी छळतं, म्हणून हा गट.

मला सगळ्यात मोलाचं वाटलं ते त्यांचं 'काय झालं' पान. एका कागदावर चार चौकोन: कुठे, कोण, काय केलं, मग काय झालं. मुलाने काड्यांची माणसं काढायची, जमेल तेवढं खाली लिहायचं, मग बोलायचं. ताई शब्द तोंडात घालत नाहीत. मनातल्या मनात दहापर्यंत मोजतात आणि तोवर थांबतात. तरीही अडलं तर "वर्गात की जिन्यात?" असं विचारतात. "त्याने मारलं ना तुला?" असं कधीच विचारत नाहीत, कारण ही मुलं मोठ्यांना बरं वाटावं म्हणून हो म्हणून टाकतात आणि खरी गोष्ट बाजूला राहते. दारातून हे पाहिल्यावर आमच्या घरातली प्रश्न विचारायची पद्धतच बदलली.

याचं महत्त्व ज्याच्या घरी असं मूल आहे त्यालाच कळेल. शाळेत भांडण झालं की बाई दोघांना उभं करून विचारतात, काय झालं? समोरचा पोरगा धडाधडा सांगतो, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, साक्षीदारांच्या नावांसकट. आमचा म्हणतो, "तो... मग मी... ते..." आणि थांबतो. निकाल तिथेच लागतो. बोलणाऱ्याची माती विकली जाते, न बोलणाऱ्याचं सोनंही पडून राहतं, हे मी आयुष्यभर ऐकत आलो, पण दहा वर्षांच्या पोराच्या बाबतीत ते खरं होताना बघवत नाही.

एडीएचडीच्या मुलांचं वेगळं. गटात एक मुलगी आहे, तिला मुद्दाम डिवचतात. पेन्सिल लपवायची, खुर्ची हळूच ढकलायची, कानाशी तेच तेच बोलायचं. दहाव्यांदा तिचा तोल जातो, ती वही फेकते आणि नेमकी वही फेकतानाच सगळ्यांना दिसते. शिक्षा तिला. म्हणून इथे 'एकाला दोन दे' शिकवत नाहीत. समोरच्यांना तेच हवं असतं. तिच्या बाईंशी बोलून ताईंनी एक कार्ड ठरवलं: कार्ड बाकावर ठेवलं की न विचारता पाणी प्यायला बाहेर जायचं. गटात हे नाटकासारखं करून घेतात. एक ताई डिवचते आणि मुलीने कार्ड ठेवून उठायचं, पुन्हा पुन्हा, हात आपोआप कार्डाकडे जाईपर्यंत. औषधाचं मात्र इथे कोणी काही सांगत नाही, ते तुमच्या डॉक्टरांकडे.

माझ्या नातवाला जास्त त्रास झाला तो 'दोस्तां'चा. "बाईंनी तुला ऑफिसात बोलावलंय," म्हणून पाठवायचे आणि हा खरंच जायचा. "तू आमच्या टीममधला ना, मग शिट्टी मार," म्हटलं की तास चालू असताना शिट्टी मारायचा. मस्करी आणि फसवणूक यातला फरक आपल्याला आवाजावरून कळतो, या मुलांना तो शिकवावा लागतो. इथे छोटे छोटे प्रसंग वाचून दाखवतात आणि विचारतात, यात कोण हसतंय? सगळे हसतायत की एक सोडून सगळे? हा प्रश्न नातू आता घरी मालिका बघतानाही विचारतो.

पालकांची बैठक महिन्यातून एकदा असते. तिथे मिळालेली माहिती मला शाळेत बोलताना फार उपयोगी पडली. शाळेचं पहिलं उत्तर ठरलेलं: "पोरं आहेत, मस्ती चालायचीच." नॉर्वेचे मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्व्हेउस यांनी छळ ओळखायच्या तीन खुणा सांगितल्या आहेत: मुद्दाम केलेलं, पुन्हा पुन्हा केलेलं आणि ज्याला स्वतःचा बचाव करणं जड जातं त्याच्यावर केलेलं. नातवाची 'काय झालं' पानं तारखेनिशी समोर ठेवली तेव्हा या तिन्ही खुणा दिसत होत्या आणि मस्तीचा विषय संपला. नातवासारखी भाषेची अडचण साधारण 7 टक्के मुलांत असते, म्हणजे तीसच्या वर्गात दोघं. नातवाच्या वर्गात साठ पोरं आहेत. बाकीची कुठे गप्प बसली आहेत कोण जाणे.

ताईंनी आमच्या परवानगीने शाळेला एका पानाचं पत्र दिलं, सोप्या मराठीत, आणि नंतर त्या वर्गावर जाऊन एक तास घेऊन आल्या. नातवाचं नाव एकदाही घेतलं नाही. सगळा तास बघ्यांवर होता. टोरांटोच्या शाळांच्या मैदानांवर केलेल्या चित्रीकरणाचा एक अभ्यास 2001 मध्ये प्रसिद्ध झाला. दुसरं एखादं मूल मध्ये पडलं, तेव्हा निम्म्याहून जास्त वेळा, 57 टक्के वेळा, छळ दहा सेकंदांत थांबला. वर्गातल्या मुलांना त्यांनी हे सांगितलं आणि मध्ये पडायचं म्हणजे काय करायचं तेही: त्याला हाक मारून आपल्याकडे बोलवा, डबा घेऊन त्याच्या शेजारी बसा, बाईंना सांगा. आता एक मुलगा मधल्या सुट्टीत नातवाला हाक मारतो. एकच आहे, पण रोज मारतो.

वर्ग, व्हरांडा सगळे बघतात. स्कूल व्हॅनचं कोणाच्या डोक्यात येत नाही. ताईंनी पहिल्याच भेटीत विचारलं, व्हॅनमध्ये कुठे बसतो? मागच्या सीटवर, मोठ्या मुलांमध्ये. व्हॅनवाल्या काकांना सांगून दाराजवळची पुढची सीट घेतली आणि सकाळचं पोटात दुखणं पुष्कळ कमी झालं.

अजून एक गोष्ट इथे लिहिलीच पाहिजे. शाळेने आम्हाला सांगितलं होतं, घरी मालवणी बंद करा, इंग्रजी बोला, म्हणजे पोरगा सुधारेल. ताईंनी स्पष्ट सांगितलं की दोन भाषांमुळे ही अडचण होत नाही आणि ज्या भाषेत घर मोकळं बोलतं तीच बोला. त्याची आजी सूनबाईच्या धाकाने त्याच्याशी तुटक इंग्रजी बोलायला लागली होती. आता रात्री पुन्हा कणकवलीच्या गजाली चालू आहेत आणि तो मध्येमध्ये प्रश्न विचारतो.

एक तारा कमी का, तेही सांगतो. दुसरा मजला, लिफ्ट नाही, माझ्या गुडघ्यांना जड जातं. बाहेर बसायला चार खुर्च्या आणि पालक दहा. फॉर्म सगळे इंग्रजीत, सहा पानी, हे मराठी वस्तीच्या मुंबईत खटकतं. गटाचे एका वेळचे 900 रुपये, महिन्याचे आगाऊ, आणि मूल आजारी पडलं तर तो वार बुडतो. आम्ही भांडुपहून स्लो लोकलने येतो, पेन्शन आहे म्हणून जमतं. बैठकीला येणाऱ्या एका आईने परवडत नाही म्हणून दोन महिने खंड पाडला, तिच्या मुलासाठी सवलत का नाही, हे मी तोंडावर विचारलं आहे. बघतो म्हणाले.

आणि हे आधीच माहीत असू द्या: या केंद्राचा रिपोर्ट म्हणजे सरकारी प्रमाणपत्र नव्हे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता, म्हणजे वाचन, लेखन, गणितातली अडचण, आहे, वाचा आणि भाषेची अक्षमताही आहे. एडीएचडीचं नाव वेगळं घेतलेलं नाही. बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ किंवा लेखनिक हवा असेल तर सायन किंवा नायरसारख्या सरकारमान्य रुग्णालयात वेगळी तपासणी करून घ्यावी लागते. तिथे रांग मोठी असते, दहावीची वाट बघू नका.

बोट फिरवणं पूर्ण थांबलंय असं नाही. पण मागच्या आठवड्यात नातवाने स्वतः पान काढून बाईंच्या टेबलावर ठेवलं, चारही चौकोन भरलेले, आणि बाईंनी त्या पोरांना बोलावून घेतलं. आम्हाला हे संध्याकाळी कळलं, तेही त्याच्याच तोंडून.

नवा गट दिवाळीच्या सुट्टीनंतर सुरू होतो. आधी असेसमेंट करावी लागते, म्हणून फोन लवकर करा. श्रवण चाचणीचा जुना रिपोर्ट असेल तर घेऊन जा, अलीकडचा असला तर पुन्हा करायला लावत नाहीत.