कला अकादमीतली प्रकट मुलाखत: इफ्फीची ‘इन कन्व्हर्सेशन’ सत्रं कशी ऐकावीत

आवडत्या दिग्दर्शकाला समोर बसून ऐकायचं असेल, तर महाराष्ट्रातल्या आणि गोव्यातल्या माणसासाठी जवळची आणि खिशाला परवडणारी जागा म्हणजे नोव्हेंबर अखेरचं पणजी. इफ्फी, म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, २००४ पासून गोव्यात भरतो. चित्रपटांची रांग सगळ्यांना माहीत असते, पण कांपालच्या कला अकादमीत रोज होणाऱ्या मास्टरक्लास आणि ‘इन कन्व्हर्सेशन’ सत्रांकडे बरेच प्रतिनिधी, म्हणजे नोंदणी करून आलेले प्रेक्षक, दोन सिनेमांच्या मधला वेळ काढायची सोय म्हणून बघतात. हे परीक्षण त्या सत्रांचं आहे. थोडी तयारी करून गेलात तर अख्ख्या महोत्सवात याहून मोलाचं काही मिळत नाही. तयारीशिवाय गेलात तर तास-दीड तास थंड हवेत बसून गाजलेला चेहरा बघितल्याचं समाधान तेवढं मिळतं.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आधी सांगतो. सत्र निवडताना दिग्दर्शकाचं नाव बघू नका, त्याच्यासमोरच्या खुर्चीत कोण बसणार आहे ते बघा. प्रकट मुलाखत हा प्रकार आपल्याला नवा नाही. सुधीर गाडगीळांसारख्या मुलाखतकारांनी मराठी श्रोत्याला त्याची सवय लावली आहे. प्रश्न कधी विचारायचा यापेक्षा कधी गप्प बसायचं हे ज्याला कळतं, त्याच्या हातात मुलाखत रंगते, हे त्या श्रोत्याला ठाऊक आहे. इफ्फीत समोर कधी पत्रकार असतो, कधी सूत्रसंचालक, कधी दुसरा दिग्दर्शक किंवा लेखक. या सगळ्यांत आमची पसंती नेहमी शेवटच्या दोघांना. सूत्रसंचालक प्रवास विचारतो आणि दिग्दर्शक शंभर वेळा सांगितलेला प्रवास पुन्हा सांगतो. समव्यवसायी मात्र विचारतो, ‘तो प्रसंग कापला का?’ त्यावर दिग्दर्शकाला तयार उत्तर नसतं. तो क्षणभर थांबतो, आणि आपण पणजीला येतो ते त्या थांबण्यासाठी.

२०२४ च्या पंचावन्नाव्या इफ्फीत दिग्दर्शक मणिरत्नम यांच्याशी दुसरे दिग्दर्शक गौतम वासुदेव मेनन बोलले, ते याचं चांगलं उदाहरण. विषय होता साहित्यकृतीचा सिनेमा कसा होतो. ‘पोन्नियिन सेल्वन’ ही चोळ राजघराण्यावरची कल्की कृष्णमूर्तींची पाच भागांची तमिळ कादंबरी, १९५० च्या दशकात साप्ताहिकातून क्रमशः आलेली. तिच्यावर मणिरत्नम यांनी दोन चित्रपट केले, २०२२ आणि २०२३ साली. असा विषय आणि समोर स्वतः सिनेमे करणारा माणूस असला की बोलणं आपोआप कामावर येतं. चोळांचं वैभव दाखवायचं, पण तंजावरला मंदिरं उभी आहेत आणि राजवाडे उरलेले नाहीत. मग ओरछा, ग्वाल्हेर, महेश्वर इथल्या वास्तूंत चित्रण करून त्यांना चोळ वळण द्यायचं. म्हणजे आपल्या अहिल्याबाईंच्या महेश्वरचा घाट तमिळ कादंबरीच्या कामी आला. महेश्वर पाहिलेल्या माणसाला एवढं कळलं की तो चित्रपट पुन्हा बघताना दगडाचं कोरीवकाम, कमानी, पाण्याची पातळी, सगळं वेगळं दिसायला लागतं. चांगल्या सत्राची कसोटी हीच: घरी जाऊन सिनेमा परत लावावासा वाटतो का?

आता व्यवहाराचं. इफ्फीच्या संकेतस्थळावर प्रतिनिधी म्हणून नोंदणी करावी लागते. फोटो आणि ओळखपत्र अपलोड करायचं आणि शुल्क भरायचं. २०२४ साली सिनेरसिकांसाठी ते हजार रुपये अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे ११८० रुपये होतं, आणि विद्यार्थ्यांना माफ. नोंदणीत अडतं ते बहुतेक वेळा फोटोच्या आकारावर किंवा ओळखपत्राच्या धूसर स्कॅनवर. विद्यार्थी असाल तर चालू वर्षाचं ओळखपत्र द्या, नाहीतर मंजुरी लटकते. हे काम शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका. प्रतिनिधीचं कार्ड पणजीत पोचल्यावर हातात मिळतं. पहिल्या दिवशी सकाळी त्या खिडकीवर गर्दी असते, म्हणून आदल्या दिवशी घ्या किंवा दुपारी जा. चित्रपटांसाठी पोर्टलवर आगाऊ तिकीट काढायचं असतं. सत्रांच्या प्रवेशाचा नियम त्या वर्षीच्या वेळापत्रकासोबत पक्का वाचून ठेवा.

एक गफलत दरवर्षी होते. मिरामारच्या मॅरियट हॉटेलात एनएफडीसीचा, म्हणजे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाचा, फिल्म बाजार (२०२५ पासून ‘वेव्हज फिल्म बाजार’) त्याच दिवसांत भरतो. तिथेही चर्चासत्रं असतात, दिग्दर्शक असतात, पण तो व्यवसायाचा बाजार आहे आणि त्याची नोंदणी वेगळी. इफ्फीचं कार्ड गळ्यात घालून तिथवर चालत जाऊ नका, दारातूनच परत यावं लागतं.

वेळेचं गणित नीट करा. पणजीच्या आयनॉक्सपासून कला अकादमी मांडवीच्या काठाकाठाने पंधरा-वीस मिनिटांची चाल आहे. मॅकिनेझ पॅलेसचं चित्रपटगृह आयनॉक्सला लागूनच. तिथला सिनेमा संपल्यावर अर्ध्या तासात सत्राच्या रांगेत उभं राहता येतं. पर्वरीच्या पडद्यावर सिनेमा लावला असेल तर मात्र मांडवीचा पूल ओलांडायचा आहे. संध्याकाळी तिथे वाहनं मुंगीच्या पावलाने सरकतात. मधे दीड तास नसेल तर तो सिनेमा सोडा. नावाजलेल्या दिग्दर्शकासाठी दारावर पाऊण तास आधी पोचायला हवं, तासभर आधी पोचलात तर उत्तम. रांग उन्हात असते आणि नोव्हेंबर असला तरी गोव्याचं दुपारचं ऊन ते ऊनच. पाणी जवळ असू द्या, पाठीवर मोठी सॅक नको. तपासणीत सॅक उघडेपर्यंत मागचे वीस जण पुढे जातात. पोटपूजा शहरातच उरका. भाजी-पाव आणि चहा घेऊन मग कांपालला निघालं की तीन तास चिंता नाही.

वास्तूबद्दल दोन शब्द, कारण ती या अनुभवाचा अर्धा भाग आहे. कला अकादमीची रचना वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांची. मोठ्या सभागृहाला नाव आहे दीनानाथ मंगेशकर कलामंदिर, आणि मंगेशीच्या मातीतल्या गायकाचं नाव तिथे शोभून दिसतं. जागा हजाराच्या आसपास. कोरियांनी सभागृहाच्या भिंतींवर व्यंगचित्रकार मारिओ मिरांडा यांच्याकडून जुन्या गोमंतकीय नाटकघराचे सज्जे आणि त्यात बसलेले प्रेक्षक रंगवून घेतले होते, म्हणजे प्रयोग रिकामा गेला तरी नटाला बघणारं कुणीतरी असावं. दीर्घ नूतनीकरणानंतर २०२३ च्या नोव्हेंबरात वास्तू पुन्हा उघडली. सभागृहाच्या ध्वनीबद्दल गोव्यातल्या नाट्य आणि तियात्र (कोकणी संगीत नाटक) कलाकारांनी तेव्हापासून जाहीरपणे प्रश्न मांडले आहेत. मुलाखतीत सगळं माइकवर असल्याने नाटकाइतका त्रास होत नाही, तरी शेवटच्या रांगा टाळाव्यात हे बरं.

बसायचं कुठे? पहिल्या दोन-तीन रांगा राखीव असतात असं धरून चाला. पाचवी ते बारावी रांग, मधल्या वाटेला लागून असलेली खुर्ची, ही सगळ्यात चांगली. तिथून चेहरा दिसतो, पडद्यावर तुकडा दाखवला तर मान मोडत नाही आणि प्रश्नोत्तरात माइक घेऊन फिरणारा माणूस हाताच्या अंतरावर येतो. मधोमध अडकलात तर तो माइक तुमच्यापर्यंत पोचायला सहा जणांच्या हातांतून यावा लागतो आणि तोवर सूत्रसंचालक पुढच्या हाताकडे वळतो.

चेहऱ्याइतकेच हात दिसणं गरजेचं आहे. दिग्दर्शक शॉट सांगताना शब्दांत सांगत नाहीत. डावा तळवा म्हणजे भिंत, उजव्या हाताची दोन बोटं म्हणजे चालत येणारी बाई, मग उजवा हात हळूच मागे येतो, तो कॅमेरा. हातात धरायचा माइक दिलेला असेल तर एक हात अडकतो. मग बोलण्याच्या भरात दिग्दर्शक माइक मांडीवर ठेवतो, दोन्ही हातांनी चौकट धरतो, आणि नेमकं त्याच क्षणी शेवटच्या दहा रांगांना काही ऐकू येत नाही. कॉलरचा माइक असला तर हे टळतं. आयोजकांनी एकच गोष्ट सुधारायची म्हटली तर आम्ही ही सांगू: पाहुण्याचे दोन्ही हात मोकळे ठेवा.

सत्राची रचना साधारण ठरलेली. सुरुवातीला सत्कार आणि परिचय, त्यात दहा मिनिटं जातात. मग पाऊण तास ते तासभर गप्पा आणि शेवटची दहा-पंधरा मिनिटं श्रोत्यांची. परिचय लांबला की कात्री श्रोत्यांच्या वेळेवर चालते, गप्पांवर नाही. हे आम्हाला मनापासून खटकतं. ज्याच्या सिनेमांसाठी माणसं गाव सोडून आली आहेत, त्याची चित्रपटसूची त्याच माणसांना वाचून दाखवण्यात काय हशील? तो वेळ थेट एका तुकड्याला द्यावा. तीन मिनिटांचा प्रसंग दाखवून मग त्यावर बोललेलं, आठवणीतल्या प्रसंगावर बोललेल्यापेक्षा दहापट कळतं.

तयारी म्हणजे काय करायचं, तर त्या दिग्दर्शकाचे तीन सिनेमे बघायचे: पहिला, सगळ्यात गाजलेला, आणि एक पडलेला. पडलेला सोडू नका. गाजलेल्या कामावर उत्तरं घासून गुळगुळीत झालेली असतात, पडलेल्यावर माणूस अजून विचार करत असतो. बघताना अडलेल्या जागेची वेळ वहीत लिहा, तास आणि मिनिटं. तीन सिनेमांतून सहा-सात जागा निघाल्या तरी भरपूर. त्यातल्या निम्म्यांची उत्तरं गप्पांतच मिळतात आणि एखादी प्रश्न म्हणून उरते.

प्रश्न एक वाक्याचा असावा, वीस सेकंदांत संपणारा, आणि एका जागेबद्दलचा. ‘तुमच्या प्रेरणा कोणत्या?’ याला तयार उत्तर असतं. ‘स्टेशनवरच्या प्रसंगात शेवटचं मिनिटभर संगीत का काढून टाकलं?’ याला नसतं. कादंबरीवरच्या सिनेमाबद्दल विचारायचं असेल तर साप्ताहिकातल्या प्रकरणाच्या शेवटी असलेली उत्कंठा सिनेमात कुठे ठेवली, कुठे सोडली, असं विचारा. दोन प्रश्न जोडून विचारले की सोप्याचं उत्तर मिळतं आणि अवघड राहून जातो. प्रश्नाआधी स्वतःच्या लघुपटाची माहिती देणं, संहिता वाचायची विनंती करणं, एकत्र फोटो मागणं, यात दुसऱ्या तिघांची संधी जाते. कोणत्या भाषेत विचारावं हा विचारही आधीच करा. पाहुणा मराठी-हिंदी जाणणारा नसेल तर इंग्रजी वाक्य घरीच लिहून दोनदा मोठ्याने वाचा, ऐनवेळी मनातल्या मनात भाषांतर करताना प्रश्नाची धार जाते. हात मात्र सूत्रसंचालकाने ‘आता आपण श्रोत्यांकडे’ म्हणायच्या आधी वर करा. पहिले तीन प्रश्न असे आधी हात वर करणाऱ्यांनाच मिळतात.

पुण्यातल्या पिफमध्ये, म्हणजे पुणे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात, विजय तेंडुलकर स्मृती व्याख्यान होतं, तेही ऐकण्यासारखं. पण व्याख्यानात वक्ता ठरवून आणलेलं बोलतो, बांधीव आणि पूर्ण. इथे अडवणारा कुणी समोर असतो, हा फरक. आयनॉक्समध्ये सिनेमा संपल्यावर दिग्दर्शक पडद्यासमोर येतो तो आणखी तिसरा प्रकार: वेळ पाच-दहा मिनिटं, पण सिनेमा डोळ्यांत ताजा. दोन्ही जमत असतील तर आधी सिनेमा, मग सत्र.

मोबाइलवर चित्रीकरण करत बसू नका. हात दुखतो, मागच्याच्या डोळ्यावर प्रकाश येतो आणि आवाज तर दालनाचाच येतो. बऱ्याच सत्रांचं चित्रीकरण नंतर पीआयबीच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाच्या, यूट्यूब वाहिनीवर मिळतं. वही खिशात मावेल एवढी आणि पेन टिकटिक न करणारं घ्या. अंधारात वाक्यं लिहायला जाऊ नका, ती दुसऱ्या दिवशी वाचता येत नाहीत. आकडे आणि नावं लिहा: किती दिवस, किती टेक, कोणतं भिंग, कुठलं गाव, कोण संकलक. दिवे लागल्यावर दाराकडे लोंढा जातो तेव्हा पाच मिनिटं खुर्चीतच बसून त्या तुटक शब्दांपुढे एकेक ओळ भरा. नंतर यूट्यूबवर चित्रफीत आली की तीच वही उघडा आणि प्रत्येक ओळीपुढे तिथली वेळ लिहा. जिथे तो बोलता बोलता थांबला होता, तिथे खूण करा.