अँटिबायोटिकची अ‍ॅलर्जी: प्रिक टेस्ट करावी की पॅच?

अमॉक्सिसिलिन या पेनिसिलिन गटातल्या अँटिबायोटिकनंतर अंगावर काहीतरी उठलं, फाइलवर ‘पेनिसिलिन अ‍ॅलर्जी’ असा शेरा पडला आणि आता टेस्ट कोणती करायची हे ठरत नाहीये? मग आधी हे आठवा: गोळी घेतल्यावर किती वेळाने उठलं?

तासाभरात गांधी उठल्या, ओठ सुजले, तर ते आपण म्हणतो ते ‘पित्त’. आमसुलाचं पाणी चोळलं की बरं वाटतं, पण खरा उद्योग त्वचेतल्या मास्ट नावाच्या पेशींचा. त्यांच्यावर आयजीई नावाच्या, अ‍ॅलर्जीच्या अँटिबॉडी बसलेल्या असतात. औषध भिडलं की पेशी हिस्टामिन हे खाज-सूज आणणारं रसायन ओततात. इथे प्रिक टेस्ट. हातावर औषधाचा थेंब, बारीक टोचणी, 15-20 मिनिटांत निकाल. मात्र सेटिरिझिनसारख्या अ‍ॅलर्जीच्या गोळ्या काही दिवस आधी बंद ठेवाव्या लागतात.

माझं तसं नव्हतं. सातव्या दिवशी पाठ-पोट लाल पुरळाने भरलं. हे काम टी पेशींचं, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींचं. औषधाचा रेणू शरीरातल्या प्रथिनाला चिकटतो, टी पेशींना तो परका वाटतो आणि त्यांची संख्या वाढायला दिवस जातात. पुढच्या वेळी मात्र एक-दोन दिवसांतही पुरळ येऊ शकतं. अशा पुरळाबद्दल वीस मिनिटांत वाचलेली प्रिक काहीच सांगत नाही. मला पॅच लागली: पाठीवर 48 तास औषध लावलेल्या पट्ट्या, त्या काढल्यावर एक तपासणी आणि दोनेक दिवसांनी आणखी एक. म्हणजे तीन खेपा, पाठ कोरडी ठेवून अर्धवट आंघोळ आणि स्कूटरवर सॅक नाही. पुण्याच्या मे महिन्यात घामाने पट्ट्या सुटतात, म्हणून मी डिसेंबर गाठला. पोटातून स्टेरॉइड चालू असेल तर पॅच फसवते.

पॅच निगेटिव्ह आली म्हणजे सुटलो, असंही नाही. अशा पुरळात ती बरेचदा काही दाखवतच नाही. मग डॉक्टर आपल्या देखरेखीखाली औषधाचा डोस देऊन बघतात. ही पायरी टाळू नका, कारण असा शेरा असलेल्या दहांतल्या नऊ जणांना पेनिसिलिन प्रत्यक्षात सोसतं.

अपवाद एकच, पण मोठा. तोंडात फोड आले होते, कातडी सोलवटली होती, किंवा पुरळासोबत ताप येऊन लिव्हर बिघडलं होतं, तर ते औषध पुन्हा घेऊन बघायचं नाही. तिथे टी पेशी त्वचेच्या पेशीच मारत सुटलेल्या असू शकतात.

पुरळाचे फोटो मोबाइलमध्ये असतील तर तारीख-वेळेसकट घेऊन जा. माझ्या डॉक्टरांनी आधी तेच मागितले.