स्तन उचलण्याची शस्त्रक्रिया आणि पाठीवरची चरबी : एकाच वेळी की टप्प्याटप्प्याने?

वजन बरेच उतरल्यानंतर किंवा बाळंतपण आणि स्तनपान संपल्यानंतर ज्या स्त्रिया ओघळलेल्या स्तनांसाठी प्लास्टिक सर्जनकडे जातात, त्यांपैकी अनेकींना ब्लाउजच्या काठाबाहेर येणाऱ्या पाठीवरच्या आणि बगलेखालच्या वळ्याही खटकत असतात. दोन्ही कामे एकाच भुलेत करून घ्यावीत की काही महिन्यांचे अंतर ठेवावे, याचे उत्तर माझ्या मते स्तनांपेक्षा पाठीच्या स्थितीवर अधिक अवलंबून असते. पाठीवर केवळ चरबी साठली आहे की सैल झालेली त्वचा लोंबते आहे, हे तपासून ठरल्याशिवाय पुढचा विचार करू नये.

स्तन उचलण्याच्या शस्त्रक्रियेत, म्हणजे मास्टोपेक्सीत, जादा त्वचा काढून स्तनाग्र वर नेले जाते आणि आतील ऊती पुन्हा घट्ट बसवल्या जातात. स्तनाग्र स्तनाखालच्या घडीच्या पातळीवर आहे की तिच्याही खाली उतरले आहे, यावरून ओघळ किती आहे ते ठरते, आणि त्यानुसार व्रण केवळ स्तनमंडलाभोवती, म्हणजे स्तनाग्राभोवतीच्या गडद वर्तुळाभोवती राहतो, तिथून खाली सरळ रेषेत येतो किंवा घडीतूनही आडवा जातो. या शस्त्रक्रियेने स्तनांचा आकार सुधारतो, आकारमान मात्र फारसे बदलत नाही.

पाठीसाठी दोन मार्ग आहेत. पहिला लायपोसक्शनचा. जेफ्री क्लाइन या अमेरिकी त्वचारोगतज्ज्ञांनी १९८७ साली मांडलेल्या पद्धतीनुसार सलाइनमध्ये लिडोकेन हे बधिर करणारे औषध आणि रक्तवाहिन्या आकसवणारे अॅड्रिनलिन मिसळून ते द्रावण चरबीत भरले जाते, त्यामुळे रक्तस्राव खूप कमी होतो, आणि मग बारीक छिद्रांतून नळी घालून चरबी ओढून घेतली जाते. पाठीवरची चरबी पोटावरच्या चरबीपेक्षा चिवट आणि तंतुमय असते, म्हणून कंप पावणारी नळी किंवा अल्ट्रासाउंडचे साहाय्य घेणारे यंत्र तिथे अधिक उपयोगी पडते. दुसरा मार्ग जादा त्वचा आणि तिच्याखालची चरबी पट्टीसारखी कापून काढण्याचा. त्याचा व्रण ब्राच्या पट्ट्याखाली लपेल असा, पाठीच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत आडवा आखला जातो. पाठीची त्वचा जाड असते आणि हात हलवताना सतत ताणली जाते, त्यामुळे हा व्रण रुंदावण्याची शक्यता असते. ज्यांच्या अंगावर पूर्वी जाड, उंचावलेले व्रण उठले आहेत त्यांनी हे विशेष गांभीर्याने घ्यावे. लायपोसक्शनने सैल त्वचा जात नाही, उलट आतला भराव निघाल्याने ती अधिक लोंबू शकते, त्यामुळे कमी व्रणांच्या मोहाने चुकीचा मार्ग निवडण्यात अर्थ नाही.

त्वचा चांगली आवळलेली असून केवळ चरबी अधिक असेल, तर स्तन उचलणे आणि पाठीचे लायपोसक्शन एकत्र करणे मला बहुतेक निरोगी स्त्रियांसाठी योग्य वाटते. बगलेखालची वळी अनेकदा स्तनाच्या बाहेरील कडेचाच पुढचा भाग असते, आणि ती तशीच ठेवून स्तन वर नेला तर ती अधिक उठून दिसते. शस्त्रक्रियेचा वेळ फार वाढत नाही, भूल एकदाच द्यावी लागते आणि काढलेल्या चरबीतील थोडी शुद्ध करून स्तनाच्या वरच्या, रिकाम्या झालेल्या भागात भरण्याचा पर्यायही काही जणींना खुला असतो. अशी भरलेली सगळीच चरबी टिकत नाही, हे मात्र आधीच समजून घ्यावे. बैठे काम साधारण एक ते दोन आठवड्यांत सुरू करता येते, तर दाब देणारा पट्टा काही आठवडे वापरावा लागतो.

त्वचा कापून काढायची असेल, तर चित्र पालटते. रुग्णाला आधी पालथे झोपवून पाठीचे काम करावे लागते आणि मग भुलेतच उताणे वळवून स्तनांचे. भुलेचा काळ वाढला की पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो, आणि गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या, स्थूल किंवा पूर्वी गुठळी झालेल्या स्त्रियांत तो अधिक असतो. त्यानंतरचे दिवसही कठीण जातात. स्तनांच्या शस्त्रक्रियेनंतर उताणे झोपायला सांगितले जाते, पण पाठीवर ताजे टाके असताना तेच सर्वाधिक दुखते. कुशीवर वळण्याची मुभा नसते, हात वर करता येत नाहीत, आणि घरात केस विंचरण्यापासून दूध तापवण्यापर्यंत मदतीला माणूस लागतो. पाठीच्या जखमेत द्रव साठण्याची प्रवृत्तीही अधिक असते. म्हणून अशा स्त्रियांनी किमान तीन, शक्य तर सहा महिन्यांच्या अंतराने दोन टप्पे करावेत, असे माझे मत आहे.

याला एक महत्त्वाचा अपवाद आहे. बॅरिअॅट्रिक, म्हणजे वजन उतरवण्यासाठी जठरावर किंवा आतड्यांवर केलेल्या शस्त्रक्रियेनंतर खूप वजन उतरलेल्या स्त्रियांचे स्तन रिकामे आणि चपटे झालेले असतात, तर बगलेखाली व पाठीकडे ऊतींचा मोठा लोंबता पट्टा असतो. हा पट्टा फेकून न देता, बरगड्यांमधून येणाऱ्या रक्तवाहिन्या जपून, वरची त्वचा सोलून स्तनाखाली वळवून घेता येतो, म्हणजे इम्प्लांटशिवायच स्तनाला भराव मिळतो. इथे एकत्र करण्यामागे ठोस वैद्यकीय कारण आहे. तो पट्टा आधी वेगळ्या शस्त्रक्रियेत काढून टाकला किंवा तिथे जोरकस लायपोसक्शन झाले, तर नंतर ही सोय उरत नाही. त्यामुळे टप्पे करायचे ठरले तरी स्तनांचा पूर्ण आराखडा पहिल्या टप्प्याआधीच तयार असायला हवा.

कोणताही पर्याय निवडला तरी काही अटी समानच आहेत. वजन किमान सहा महिने स्थिर असावे, आणि बॅरिअॅट्रिक शस्त्रक्रियेनंतर साधारण बारा ते अठरा महिने थांबावे. पुढे गर्भधारणेचा विचार असेल तर ही शस्त्रक्रिया लांबणीवर टाकणेच बरे. चाळिशीनंतर आधी मॅमोग्राफी करून घ्यावी. तंबाखू किमान चार आठवडे आधी आणि नंतरही तितकाच काळ बंद हवा, कारण निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात आणि स्तनाग्राचा रक्तपुरवठाच धोक्यात येऊ शकतो. आपल्याकडे अनेक स्त्रिया मिशरीला व्यसन मानत नाहीत आणि डॉक्टरांना सांगतही नाहीत, पण मिशरी म्हणजे तंबाखूच. मधुमेह असल्यास साखर आटोक्यात आणल्याशिवाय तारीख घेऊ नये.

सर्जनकडे प्लास्टिक सर्जरीतील एम.सीएच. किंवा डी.एन.बी. (आता डीआर.एन.बी.) ही पदवी आहे का, हे अवश्य पाहावे. आखणी उभ्या स्थितीत होते, त्या आधी आपण नेहमी वापरत असलेली ब्रा आणि खोल गळ्याचा ब्लाउज सोबत न्यावा, म्हणजे पाठीचा व्रण कुठे झाकला जाईल आणि कुठे दिसेल हे प्रत्यक्ष पाहून ठरवता येते.

खर्चाच्या बाबतीत एकत्र शस्त्रक्रिया स्वस्त पडते, कारण शस्त्रक्रियागृह आणि भूलतज्ज्ञ यांचे शुल्क एकदाच लागते. सौंदर्यासाठी केलेल्या शस्त्रक्रिया भारतातील आरोग्य विम्यात सहसा वगळलेल्या असतात आणि त्यांवर जीएसटीही लागतो, त्यामुळे ही बचत अनेक कुटुंबांना मोठी वाटणे स्वाभाविक आहे. तरीही पाठीची त्वचा कापायची असताना केवळ पैशासाठी दोन्ही एकत्र करू नये. दुसऱ्या टप्प्याचे पैसे जमेपर्यंत थांबल्याने पाठीचे काही बिघडत नाही.