बोलका डबा : अकरा महिने, १२५ रुपये दरमहा

परवा १ तारखेला आप्पांच्या वहीत पुन्हा १२५ रुपये कमी आले. दर महिन्याला येतात. सकाळी सहाला पहिलं गिऱ्हाईक दूध नेतं, यूपीआयचे पैसे आले की बोलणारा डबा, म्हणजे साउंडबॉक्स, खणखणीत आवाजात ‘प्राप्त झाले’ म्हणतो, आप्पा वहीत रेघ ओढतात. संध्याकाळी बँकेत जमा झालेली रक्कम बघितली की तेवढाच खड्डा. कंपनीने डब्याचं भाडं परस्पर कापून घेतलेलं असतं. आप्पांना दर वेळी समजावून सांगतो, ते दर वेळी वही पहिल्यापासून बेरजेला घेतात.

साउंडबॉक्सबद्दल जास्त सांगत बसत नाही, आता भाजीच्या गाडीवरही असतो. आमचं दुकान बेळगावात, शहापुरात. दूध, पाव, बिस्किटं, थोडं किराणा. डबा २०२५च्या संक्रांतीच्या आठवड्यात बसवला. बसवणाऱ्या पोराने कन्नड चालू करून दिलं होतं, मी मराठी लावून घेतलं. कर्नाटकच्या २०२४च्या कायद्याने पाटीवर ६० टक्के कन्नड हवं, ते आमच्या पाटीवर आहे. डब्याच्या भाषेबद्दल अजून कुणी काही बोललेलं नाही.

आधी चांगलं सांगतो. आप्पांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन एका डोळ्याचं झालंय, दुसऱ्याचं व्हायचंय. फोनवरचा आकडा त्यांना दिसत नाही. पूर्वी पोरं स्क्रीन नाकासमोर धरून ‘गेले बघा काका’ म्हणायची आणि आप्पा मान हलवायचे. त्यातले किती खरंच यायचे देव जाणे. आता डबा बोलल्याशिवाय आप्पा पिशवीवरचा हात काढत नाहीत. त्याचं सिम वेगळं असल्याने माझा फोन माझ्या खिशात राहतो. बॅटरी दोन दिवस जाते. पावसाळ्यात रेंज गेली की पाच मिनिटांनी एकदम चार आवाज येतात, मग कुणाचे कुठले ते लावत बसायचं. एवढं सोडलं तर वस्तू चांगली.

भाड्याचंच पटत नव्हतं. महिन्यातून दहा वेळा तरी बायकोजवळ कुरकुर केली असेन. मग एका बँकेतल्या मित्राने गणित सांगितलं. १ जानेवारी २०२० पासून यूपीआयवर दुकानदाराकडून टक्का घ्यायला बंदी आहे. २०२४-२५ साठी छोट्या दुकानदाराकडच्या दोन हजारांपर्यंतच्या व्यवहारावर सरकारने ०.१५ टक्के द्यायचं ठरवलं, त्याला १,५०० कोटी मंजूर झाले. पण ते जातात बँका आणि कंपन्यांकडे. तेवढ्यात भागत नाही म्हणून कंपन्या डबे भाड्याने लावतात. म्हणजे फुकट यूपीआयचं बिल आमच्या काउंटरवर उभं राहून बोलतंय. समजलं, पण राग काही कमी झाला नाही.

इथपर्यंतचं मी जूनमध्ये लिहून ठेवलं होतं आणि पाचपैकी साडेतीन तारे देणार होतो. मग जुलै आला.

कर्नाटकच्या व्यापारी कर खात्याने यूपीआय कंपन्यांकडून २०२१-२२ पासूनची माहिती मागवली आणि वर्षाला ४० लाखांवर, सेवा असेल तर २० लाखांवर जमा दिसलेल्यांना जीएसटी नोंदणीची मर्यादा ओलांडली म्हणून नोटिसा काढल्या. हावेरीच्या एका भाजीवाल्याला चार वर्षांतल्या १ कोटी ६३ लाखांवर २९ लाखांची नोटीस आली. ताज्या भाजीवर जीएसटीच नाही! बंगळुरात ‘यूपीआय नाही, फक्त रोख’ अशा पाट्या लागल्या. मला नोटीस आली नव्हती, पण माणूस घाबरला की घाबरतो. १२ जुलैला डबा बंद करून बिस्किटांच्या खोक्यात ठेवला, क्यूआरच्या स्टिकरवर कॅलेंडर लटकवलं.

माझी भीती अगदीच वेडगळ नव्हती. त्या खात्यात नुसतं दूध-पाव येत नव्हतं. मेव्हण्याने उसने परत केलेले चाळीस हजार त्यातच, बायकोच्या भिशीचे हप्ते त्यातच. शिवाय मागच्या गल्लीतली हॉस्टेलची पोरं. ‘काका, दोनशे कॅश द्या की, ऑनलाइन मारतो.’ रोज दोन-तीन तरी. डब्याला हे सगळं सारखंच, तो ‘प्राप्त झाले’ एवढंच म्हणणार.

रोखीवर १९ दिवस काढले. अठरा रुपयांच्या बिलाला वीस दिले की दोन रुपये सुटे नाहीत, मग चॉकलेट. सातवी-आठवीतली पोरंसुद्धा ‘चॉकलेट नको’ म्हणायला लागली. हॉस्टेलवाले समोरच्या डेअरीत गेले. दूध परत जात नाही, उरलं की घरात. त्या दिवसांत आम्ही इतकी खीर खाल्ली की आता बायको शेवयांचं नाव काढत नाही.

२३ जुलैला मुख्यमंत्र्यांनी व्यापाऱ्यांना बोलावलं. नोंदणी करा, जुनी थकबाकी सोडून देऊ, दूध, भाजी, फळं यांवर कर घेणार नाही, असं सांगितलं. व्यापाऱ्यांनी पुकारलेला २५ तारखेचा बंद मागे गेला. मी मात्र सीएकडे गेलो आणि तिथे खरा धडा मिळाला. मी धरून चाललो होतो की दूध करमुक्त, तेव्हा ते ४० लाखांत मोजत नाहीत. मोजतात! नुसतं करमुक्त विकणाऱ्याला नोंदणी लागत नाही, पण त्याच काउंटरवर बिस्किटाचा एक पुडा ठेवला की मर्यादा बघताना दूधही बेरजेत येतं. आणि हातउसने, भिशी, कॅशच्या बदल्यातले दोनशे? ते विक्री नाहीत, पण तसं तुम्हाला दाखवता आलं पाहिजे.

आमचं दूध दिवसाला १२० लिटर. १ एप्रिल २०२५ला नंदिनी दुधाचा दर लिटरला ४ रुपयांनी वाढला. पिशव्या तेवढ्याच, गिऱ्हाईक तेच, पण दिवसाची विक्री ४८० रुपयांनी फुगली, वर्षाला पावणेदोन लाखांच्या वर. लिटरमागे हाताला लागतात ते दोन-अडीच रुपयेच. गेल्या वर्षी सगळं मिळून अडतीस लाखांच्या आसपास होतो. म्हणजे काहीही जास्त न विकता यंदा चाळीसला टेकणार. मर्यादा २०१९ पासून ४० लाखांवर उभी आहे, दुधाचा भाव मात्र उभा राहिलेला नाही. मला या सगळ्यात खरं खटकतं ते हे. दुधावर कर नको म्हणणाऱ्यांनी दूध बेरजेतूनही काढावं.

शेवटी कंपोझिशनमध्ये, म्हणजे छोट्या व्यापाऱ्यांसाठीच्या जीएसटीच्या सोप्या योजनेत, नोंदणी केली. आम्ही नुसते विकणारे, म्हणून करपात्र मालाच्या विक्रीवर १ टक्का. यात दूध धरत नाहीत. वर्षाला साधारण सतरा हजार होतील. तिमाहीला चलन, वर्षाला एक विवरण. गिऱ्हाइकाकडून कर घ्यायचा नाही, दुकानात तशी पाटी लावायची. राज्याबाहेर माल पाठवता येत नाही. महाराष्ट्रातल्या चंदगडहून येणारे काउंटरवर घेऊन जातात, त्याला अडचण नाही. २२ सप्टेंबरपासून बिस्किटं १८ वरून ५ टक्क्यांवर आली, त्यामुळे खरेदी थोडी हलकी झाली. सीएची फी वेगळी, ती इथे लिहीत नाही, बायको वाचते.

३१ जुलैला डबा खोक्यातून काढला तर चार्जच होईना. पिन आत सैल झालेली. चार फोन, दोन ‘एक्झिक्युटिव्ह येतील’, शेवटी सहाव्या दिवशी पोरगा आला आणि दुसरा डबा ठेवून गेला. त्यावर इंग्रजी चालू होतं. आप्पा दिवसभर ‘काय म्हणतोय तो?’ विचारत होते. मराठी पुन्हा लावायला आणखी एक फोन.

आता कुणी विचारलं, घ्यावा का, तर घ्या. पण भाड्याचा नको, एकदाच पैसे भरून विकत मिळत असेल तर तो घ्या. दुकानाचं खातं वेगळं ठेवा, मेव्हण्याला दुसरा नंबर द्या. कॅशच्या बदल्यात ऑनलाइन अजिबात घेऊ नका, पोरं कितीही गोड बोलली तरी. आणि मार्चची वाट न बघता दर महिन्याला दुधासकट बेरीज मारा. महिन्याला तीन लाख तेहतीस हजारांच्या पुढे गेलात की सीएला फोन करा.

तारे चार. पाचवा मिळणार नाही. जुलैत डबा १९ दिवस बंद होता, त्याचंही भाडं कापलं. मी बंद केलाय असं कळवलं होतं, तर उत्तर आलं, ‘डिव्हाइस आमच्याकडे सक्रिय दिसते.’ चौथी तक्रार परवा ‘निवारण झाले’ म्हणून बंद केली. १२५ भागिले ३१ गुणिले १९. ७६ रुपये ६१ पैसे होतात. पाचवी तक्रार आज टाकली आहे.