प्रोब एक नंबर, बोर्डाने मात्र डोकं खाल्लं

तापमान मोजायच्या थर्मिस्टरला कंटाळून हा चार वायरवाला पीटी १०० प्रोब (तापमानाप्रमाणे रेझिस्टन्स बदलणारा प्लॅटिनमचा सेन्सर, शून्य डिग्रीला १०० ओहम) आणि त्याचं अ‍ॅम्प्लिफायर बोर्ड घेतलं. पहिल्याच दिवशी बर्फाच्या पाण्यात ३.१ डिग्री दाखवलं, म्हटलं गेले पैसे. पण त्यात निम्मा गाढवपणा माझाच. ग्लासात चार खडे तरंगत सोडलेले, वर बर्फ आणि तळाचं पाणी दोन-तीन डिग्रीवर, मग शून्य येणार कुठून. बर्फ ठेचून गच्च भरायचा, डिस्टिल्ड पाणी फक्त फटींपुरतं. तसं केल्यावर १.७ आलं.

त्यातले १.३ वायरींनी खाल्ले. आळस करून मी चारातल्या दोनच जोडल्या होत्या. पीटी १०० मधे एका डिग्रीला जेमतेम ०.३८५ ओहम बदलतात आणि तीन मीटरची बारीक वायर जाऊन-येऊन अर्धा ओहम सहज घेते. चारही जोडल्या, दोन वायरसाठी मारलेले सोल्डर जंपर काढले, ०.४ उरलं.

आता खरी तक्रार. हे बोर्ड प्रोबची तुलना स्वतःवरच्या ४३० ओहमच्या रेफरन्स रेझिस्टरशी करतं, म्हणजे तो ०.१ टक्का जरी चुकला तरी शून्याजवळ पाव डिग्री गेलीच. वर दुपारी खोली तापली की रीडिंग हळूहळू सरकायचं, प्रोब बर्फातच बसलेला! रेझिस्टर १०० पीपीएमचा (म्हणजे दर डिग्रीला दहा लाखात १०० भाग बदलणारा) निघाला, खोली १० डिग्रीने बदलली की परत तीच पाव डिग्री. इथे कसली काटकसर करता राव? काढून १० पीपीएमचा बसवला आणि बर्फात शून्य येईल अशी व्हॅल्यू कोडमधे ४३० च्या जागी टाकली (यात प्रोबची स्वतःची चूकही मिसळते, क्लास ए दर्जाच्या प्रोबला शून्यावर ०.१५ डिग्रीची सूट असतेच, पण मला शून्याच्या आसपासच मोजायचंय म्हणून चालतं).

अजून एक, सॅम्पल कोडमधे करंट सतत चालू ठेवलाय, साधारण ३.८ मिलिअ‍ॅम्प, म्हणजे १.४ मिलिवॉट. बर्फात कळत नाही पण स्थिर हवेत प्रोब स्वतःच्याच उष्णतेने वर चढतो. बायस (म्हणजे हाच करंट) फक्त रीडिंगपुरता चालू करा, दहा मिलिसेकंद थांबा, वाचा, बंद करा.

प्रोबला पाच स्टार. बोर्डाला तीन, तेही सोल्डरिंग येत असेल तरच घ्या.