गंधार चढा, बाकी साथ उत्तम : हार्मोनियम अ‍ॅपच्या वापरानंतरचा अनुभव

वार्षिक वर्गणी भरण्याची सूचना आणि माझ्या तक्रारीला ग्राहक सेवेने धाडलेले ‘कृपया आपला मायक्रोफोन तपासावा’ हे उत्तर एकाच आठवड्यात आल्यामुळे सविस्तर लिहिणे भाग आहे. गाणाऱ्याचा आवाज ऐकून, रेकॉर्ड केलेल्या हार्मोनियमच्या सुरांमधून तिथल्या तिथे साथ करणारे हे अ‍ॅप मी गेल्या पावसाळ्यापासून रियाजाला वापरते. त्यातील तानपुरा आणि तबला यांबद्दल तक्रारीला जागा नाही.

तक्रार गंधाराची आहे. जवारी (तारेला गुंजन देणारी घोडीवरची जुळवणी) नीट लागलेल्या तानपुऱ्याच्या खर्जातून, म्हणजे सर्वांत खालच्या षड्जाच्या तारेतून, जो गंधार आपोआप ऐकू येतो, तो षड्जापासून (सा) सुमारे 386 सेंटवर असतो; सेंट म्हणजे सप्तकाचा बाराशेवा भाग. सप्तकाचे बारा सारखे भाग करून लावलेल्या पेटीचा गंधार मात्र 400 सेंटवर, म्हणजे 14 सेंट चढा. धैवताचीही तीच गत. भूप रागात गंधार वादी (मुख्य स्वर) आणि धैवत संवादी (त्याखालोखाल महत्त्वाचा), त्यामुळे नेमक्या ज्या स्वरांवर थांबायचे तिथेच साथ आणि तानपुरा यांची भांडणे ऐकावी लागतात, आणि तीही पैसे मोजून! आकाशवाणीने 1940 मध्ये हार्मोनियमवर बंदी घातली, ती 1971 मध्ये अंशतः उठली. या वाद्याच्या स्वरांवरचा आक्षेप तेव्हापासून चालत आलेला आहे. पण खऱ्या पेटीत त्यासाठी एकेक पत्ती घासावी लागते. इथे रेकॉर्ड केलेला सूर सॉफ्टवेअरने खाली आणायला अडचण ती काय?

एरवी साथ खरोखर समजूतदार आहे. आलापात मी स्वर धरून ठेवला की पेटी मागे राहते, आणि श्वासाला थांबले की माझ्याच ओळीची शेपटी हलकेच वाजवून जागा भरते. द्रुत तानांत ती मागे पडते, विशेषतः मंद्र सप्तकात, कारण खालच्या स्वराच्या लहरी लांब असल्याने तो ओळखायलाच अधिक वेळ लागतो. हेडफोन मात्र वायरचेच हवेत. ब्लूटूथमुळे होणारा उशीर लयीत सहज जाणवतो, आणि स्पीकर लावला तर माइकमधून पेटी स्वतःचाच आवाज ऐकून स्वतःचीच साथ करू लागते. फोनला हेडफोनची खाच नसल्यामुळे जोडणीच्या छोट्या तुकड्याचा खर्च वेगळा.

माझे मत इथवरच राहिले असते, तर वर्गणी मी तेव्हाच बंद केली असती. दिवाळीनंतरच्या अपडेटमध्ये प्रत्येक स्वर सेंटच्या हिशेबाने खाली-वर करण्याची सोय आली. गंधार 14 आणि धैवत 16 सेंटने उतरवल्यावर काळी चारमध्ये (चौथ्या काळ्या पट्टीला षड्ज धरून) भूप गाताना पेटी तानपुऱ्यात अशी विरघळली, की पहिल्या दिवशी मी बंदिश सोडून बराच वेळ नुसत्या गंधारावरच थांबले. दरबारी रागाचा आंदोलित, म्हणजे हळुवार झुलणारा, गंधार तिला आजही जमत नाही, पण तो खऱ्या पेटीलाही जमत नसल्याने त्याचे गुण मी कापत नाही.

ही सोय महिनाभर सर्वांना खुली होती; नंतर ती फक्त महागड्या योजनेत गेली. बेसूर साथ स्वस्त आणि सुरेल साथ महाग, हा कुठला न्याय, असे मी विचारले, त्यावर मायक्रोफोन तपासण्याचा तो सल्ला आला. पुन्हा लिहिल्यावर पुढील वर्षाच्या महागड्या योजनेवर सवलतीचे कूपन मिळाले. ते मी वापरलेले नाही. सध्या स्वस्त मासिक योजना घेतली असून भूप गाताना पेटीचा आवाज शून्यावर ठेवते.